हातानं घडवलेला, हातानं गाठवलेला दागिना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मोत्यांचे आणि मण्यांचे मराठी दागिने गाठवते, नथी बांधते, जुने तुटलेले सर पुन्हा उभे करते. दागिना हातात देताना जे प्रश्न रोज येतात त्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवावीत असं फार दिवस मनात होतं.

सोनार आणि पटवेकरी यांच्या कामात फरक काय? तुम्ही यातल्या कोण?

सोनार धातूचं काम करतो. मुशीत सोनं आटवायचं, जंतरातून तार ओढायची, पत्रा ठोकायचा, ठशावर पान उमटवायचं, टाकणखार लावून डाक द्यायचा म्हणजे धातूचे सांधे जोडायचे, खड्याला कोंदण करायचं. त्याच्या हातून निघतात ते सुटे मणी, सुटी पानं, सुटं पदक. त्यांची माळ होते ती पटवेकऱ्याच्या हातात. रेशमाला पीळ देणं, मणी ओवणं, गाठी मारणं, मागचा गोंडा बांधणं हे त्याचं काम. सराफाच्या ओट्यावर बसून, धाग्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून भराभर ओवणारे पटवेकरी आमच्या आयांनी-आज्यांनी पाहिलेले आहेत.

मी अशाच एका वयस्कर पटवेकरी काकांच्या हाताखाली शिकले. पहिले दोन महिने त्यांनी मला मोत्याला हातच लावू दिला नाही. काचेचे मणी ओवायचे, उसवायचे, परत ओवायचे. दोन गाठींमधलं अंतर डोळे मिटून बोटाला कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

दागिन्याची पावती होते सोन्याच्या वजनाची. धाग्याला कुणी मोजत नाही, आणि दागिना तुटतो तो मात्र धाग्यातच. म्हणून या पानावर धाग्याबद्दल जरा जास्तच वाचायला मिळेल.

तन्मणी थोड्याथोड्या वर्षांनी पुन्हा गाठवून घ्या म्हणता. म्हणजे काम कच्चं आहे का?

नाही. रेशीम झिजण्यासाठीच असतं. मोत्याला हाताखालच्या काचेइतकाही कडकपणा नसतो. मोत्यातून कडक तार घातली तर हालचालीनं भोकाच्या कडा झिजतात, भोक मोठं होतं, मोती कडेला उडतो. रेशीम मऊ असल्यामुळे झीज धाग्याच्या वाट्याला जाते आणि मोती शाबूत राहतो. धागा पुन्हा मिळेल, मोत्याचा जोड मिळणार नाही.

नेहमी वापरात असलेला दागिना वर्ष-दीड वर्षानं, फक्त लग्नकार्यात निघणारा तीन-चार वर्षांनी गाठवावा. पण वर्षं मोजत बसण्यापेक्षा दागिन्याकडेच बघा. दोन मोत्यांमध्ये उघडा धागा दिसू लागला, धागा काळपट झाला, सर उचलल्यावर पूर्वीपेक्षा लांब लोंबतो असं वाटलं, की वेळ झाली. त्या अवस्थेत लग्नाला घालून जाऊ नका. बहुतेक सर मंडपातच तुटतात, कारण एरवी ते कपाटात असतात.

प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायचं कारण काय?

कारणं दोन. धागा तुटला तर एकच मोती निसटतो, बाकीचे गाठीवर अडतात. आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत. मोत्यावर मोती घासला तर दोघांचंही पाणी उतरतं.

गाठ मोत्याच्या भोकाला घट्ट टेकली पाहिजे. त्यासाठी सैल गाठीत सुईचं टोक घालून ती मोत्यापर्यंत सरकवत न्यायची आणि तिथे आवळायची. फार आवळली तर सर ताठ होतो, गळ्यावर बसत नाही. सैल राहिली तर आठवड्यात फट पडते. चिंचपेटीत किंवा तन्मण्याच्या बारीक सरांत मोती इतके लहान असतात की प्रत्येकाला गाठ मारली तर मोत्यांपेक्षा गाठीच जास्त दिसतील. तिथे काही मोत्यांनंतर एक गाठ घेते. आणि सोन्याच्या मण्यांना मधे गाठ नसतेच, ठुशीत तर मणी मण्याला चिकटूनच हवा.

नायलॉनचा धागा टिकतो ना? मग रेशमाचा हट्ट का?

रोज अंगावर राहणाऱ्या, अंघोळीतही न निघणाऱ्या मंगळसूत्राच्या काळ्या पोतीला मी स्वतः नायलॉन वापरते. रेशीम रोज भिजलं तर कुजतं, आणि काचमण्याची कड त्याला कापते. तिथे हट्ट नाही. मोत्यांना आणि ठुशीला मात्र रेशीमच. नायलॉनला स्वतःचा एक ताठरपणा असतो, गळ्याच्या वळणावर तो रेशमासारखा पडत नाही. शिवाय नायलॉनवरची गाठ काही दिवसांनी आपोआप सुटू पाहते.

बसरा मोत्याची नथ नव्यानं बनवून मिळेल का?

नव्या मोत्यांची नाही. बसरा हे इराकमधल्या बंदराचं नाव. मोती निघायचे ते इराणच्या आखातात, बहरीनच्या आसपासच्या समुद्रात. पाणबुडे श्वास रोखून खाली जात आणि शिंपले वर आणत. तिथला माल मुंबईत यायचा, इथे निवडला जायचा, विंधला जायचा, विकला जायचा. १८९३ साली जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी शिंपल्यात कण पेरून अर्धगोल मोती पिकवून दाखवला. पुढच्या चाळीस वर्षांत पिकवलेला गोल मोती बाजारात मुबलक झाला, त्यात १९३०च्या दशकातली जागतिक मंदी आली, मग आखातात तेल सापडलं. पाणबुड्यांचा धंदा बसला तो बसलाच.

म्हणून आज जो बसरा मोती मिळतो तो जुन्या दागिन्यातून निघालेला. रंग किंचित पिवळसर, आकार क्वचितच अगदी गोल, भोक सुईला नखरे करायला लावेल इतकं बारीक. बाजारात ‘बसरा स्टाईल’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक चीनमधल्या गोड्या पाण्यातले मोती असतात. त्यांत वाईट काही नाही, मीही तेच वापरते. तेवढं नाव खरं सांगावं आणि किंमतही त्या नावाचीच घ्यावी.

मोती खरा आहे हे घरी कसं ओळखायचं?

समोरच्या दाताच्या कडेवर मोती हलका घासा. खरा मोती, मग तो नैसर्गिक असो की पिकवलेला, किंचित खरखरीत लागतो. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा मोती गुळगुळीत सरकतो. भोकापाशी भिंगानं पाहा, नकली मोत्याचा मुलामा तिथे पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. नैसर्गिक की पिकवलेला हे मात्र दातानं कळत नाही आणि माझ्या डोळ्यांनाही खात्रीनं कळत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत एक्स-रे काढतात. फार किमतीचा दागिना घेणार असाल तर तो खर्च करा.

मोत्यांची निगा कशी राखायची?

मोती मुळात चुन्याच्याच जातीचा, खडूच्या नात्यातला. आंबट काहीही त्याला खातं: लिंबू, व्हिनेगर, घामसुद्धा. पोवळ्याचंही तेच. म्हणून पहिला नियम: सगळं आवरून झाल्यावर मोती घालायचे आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायचे. पावडर, अत्तर, केसांचा स्प्रे हे सगळं मोत्यांच्या आधी. अत्तर वाळायला पाच मिनिटं द्या.

काढल्यावर मऊ, किंचित ओलसर सुती कापडानं एकेक सर पुसा, मग कोरड्या कापडानं. धोतराचा जुना तुकडा किंवा विटलेलं सुती पातळ याला सर्वांत चांगलं. पाण्यात बुडवू नका. मोत्याला पाण्याचं भय नाही, पण भोकात पाणी राहतं, धागा फुगतो, ताणतो, आतून कुजतो. चुकून भिजलेच तर कापडावर आडवे पसरून एक दिवस वाळू द्या. खिळ्याला टांगू नका, ओला धागा वजनानं लांबतो.

ठेवायचं ते मऊ कापडाच्या पिशवीत, आणि इतर दागिन्यांपासून वेगळं. हिऱ्याच्या कुड्या आणि तन्मणी एका डबीत कधीही नको. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीतही मोती ठेवू नयेत. त्यांना थोडा ओलावा लागतो. लॉकरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मोत्यांवर बारीक भेगा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मैत्रिणींना मी विशेष सांगते: हिवाळ्यात घरातली हीटरची हवा फार कोरडी असते, मोत्यांची पिशवी हीटरच्या झडपेजवळच्या कपाटात ठेवू नका.

हळदीच्या दिवशी मोती नकोत. हळद-तेल गाठीत शिरतं आणि रेशमाचा तो पिवळा डाग मरेपर्यंत जात नाही. त्या दिवशी सोन्याचं काहीतरी घाला.

ठुशी किंवा बोरमाळ गरम पाण्यात धुतली तर चालेल ना? सोनंच तर आहे.

कृपा करून धुऊ नका. हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे झालेलं नुकसान भरून येत नाही.

बोरमाळेचे, साजाचे, पुष्कळशा मोहनमाळेचे मणी आतून पोकळ असतात. पातळ पत्र्याचे दोन अर्धे जोडून मणी होतो आणि आत लाख भरलेली असते. लाखेमुळेच कमी सोन्यात ठसठशीत मणी होतो आणि दाबला तरी चेपत नाही. आपल्या साध्यासुध्या घरांतल्या बायकांच्या गळ्यातही बोरमाळ दिसायची ती या युक्तीमुळे. पण लाख उष्णतेनं वितळते. गरम पाणी, वाफ, दुकानातलं दागिने साफ करायचं थरथराटाचं यंत्र, यांपैकी काहीही लाखेच्या मण्याला नको.

माझ्या आईची बोरमाळ एका दुकानात ‘फुकट साफ करून देतो’ म्हणून घेतली आणि त्या यंत्रात टाकली. परत आली तेव्हा झळाळत होती. पंधरा दिवसांत भोकांतून तपकिरी लाख झिरपून धाग्याला लागली, अकरा मणी बोटानं दाबले की चेपू लागले. लाख पुन्हा भरणारा कारागीर शोधायला आम्हाला सात महिने लागले. तेव्हापासून कुणीही दागिना साफ करायला देत असलं की मी विचारते, आत काय आहे ते त्यांना सांगितलंत का?

लाखेचा दागिना पुसायचा फक्त. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड, हवं तर त्यावर रिठ्याच्या पाण्याचा थेंब, मग लगेच कोरडं कापड. भरीव सोन्याच्या बांगड्या, पाटल्या, गोठ यांना मात्र रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रशनं घासायला हरकत नाही. टूथपेस्ट कशालाच नको, तिच्यातली भुकटी सोन्यावर ओरखडे काढते.

कोल्हापुरी साजात एकवीसच पानं का असतात?

परंपरेनं सांगतात ते असं: दहा पानं विष्णूच्या दहा अवतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक आणि पाचू यांची, आणि एक मधला ताईत. मधे जवाच्या दाण्यासारखे जवमणी. साज समोर धरला की मासा, कासव अशी पानं ओळखू येतात. मुलांना ती ओळखायला लावा, त्यांना मोठी मौज वाटते. हल्ली हलक्या वजनासाठी कमी पानांचे साज निघतात. दिसायला छान असतात, पण घ्यायचाच तर पानं मोजून आणि कुठली गाळली आहेत ते विचारून घ्या.

कोल्हापूरला गेलात तर गुजरीत, तिथल्या सराफ बाजारात, एक फेरी मारा. आणि चांदीच्या पैंजणांत रस असेल तर हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीला जा. घराघरांत चांदीचं काम चालतं. एका घरात तार, दुसऱ्यात कडी, तिसऱ्यात घुंगरू, असा एक पैंजण पाच-सहा उंबरे ओलांडून पुरा होतो.

हाताचं काम आणि यंत्राचं काम ओळखायचं कसं?

दागिना उलटा करा. पुढची बाजू सगळेच सजवतात, खरं काय ते मागे दिसतं. हाताच्या कामात डाकाची बारीक रेघ, कानशीची पुसट खूण, शेजारशेजारच्या दोन पानांत केसभर फरक असतो. साच्यात ओतलेल्या मालाची मागची बाजू सपाट किंवा एकसारखी खळगेदार असते, आणि एका पानात असलेला खड्डा प्रत्येक पानात तसाच्या तसा सापडतो. वज्रटीक घेताना मागची कापडी पट्टी आणि तिच्यावरचे टाके बघा. टाके समान आणि जवळजवळ असले तर करणाऱ्यानं जीव ओतलाय.

यंत्राचा दागिना वाईट असं मी म्हणणार नाही, रोजच्या साखळीला यंत्रच बरं. पण हाताच्या कामाची मजुरी मागून यंत्राचा माल दिला जातो, तेव्हा फसवणूक होते आणि कारागिराच्या पोटावरही पाय येतो.

नाक टोचलेलं नाही. नथ कशी घालू?

दाबाची नथ घ्या. तिचा चाप पुरेसा मऊ आहे ना ते घरी अर्धा तास घालून पाहा, थेट लग्नाच्या दिवशी नको. फार घट्ट चापानं नाकपुडीवर लाल वळ उठतो आणि तो फोटोत नथीच्या आधी दिसतो. सैल करताना चाप बोटांनी फाकवू नका, मोत्यांची तार सुटते. माझ्याकडे आणा, पकडीनं दोन मिनिटांचं काम आहे.

टोचलेल्या नाकात घालणार असाल तर जखम पूर्ण भरू द्या. बाहेरून बरं दिसलं तरी आतून भरायला काही महिने लागतात. तोवर बारीक चमकी बरी. आपल्याकडे नथ डाव्या बाजूला घालतात, पण उजवं नाक टोचलं असेल तर उलट्या वळणाची नथ बांधून देते. भारी नथीला वरून मोत्यांचा किंवा रेशमाचा बारीक सर लावून तो केसांत खोचला की नाकावर ओझं येत नाही.

मुलासाठी भिकबाळी करता का?

करते. कानाच्या वरच्या पाळीची जाडी मोजून आणा. तिथे कूर्चा असते, जखम सावकाश भरते, म्हणून टोचल्यावर लगेच भिकबाळी घालू नये.

चांदी काळी पडते. भेसळ असते का?

नसते. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो आणि वर काळा थर बसतो, शुद्ध चांदीवरही. रबरबँड, लोकर, अंड्याची वाफ यांच्या जवळ चांदी लवकर काळी पडते. पैंजण रबरबँडनं बांधून ठेवायची सवय सोडा.

साध्या भरीव चांदीला घरगुती उपाय आहे: भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा, चमचाभर खायचा सोडा आणि गरम पाणी घाला. काळा थर उतरतो. पण मोती, खडे, लाख किंवा धागा असलेल्या दागिन्याला हे कधीही करू नका. आणि मुद्दाम काळी केलेली ‘ऑक्सिडाइज्ड’ चांदी असेल तर नक्षीच्या खाचांतला काळेपणाच तिचं सौंदर्य आहे, तो घालवलात तर उरेल नुसता पांढरा पत्रा.

‘एक ग्रॅम’च्या दागिन्यात खरंच एक ग्रॅम सोनं असतं का?

बाजारात ते एक नाव झालंय. आत तांबं किंवा पितळ, वर सोन्याचा मुलामा. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हा घासणं नाही, पॉलिश नाही. घाम पुसायचा, कापसात गुंडाळून ठेवायचं. रंग गेलाच तर पुन्हा मुलामा देता येतो, फक्त त्याआधी गाठवलेलं सगळं उसवावं लागतं. मजुरी धरून परवडतं का, ते मी आधीच सांगते.

नवरात्रात घातलेल्या काळ्या दागिन्यांनी गळ्याला पुरळ आलं. का?

बहुतेक निकेलमुळे. असे दागिने पुष्कळदा ‘जर्मन सिल्व्हर’चे असतात. या नावात चांदी असली तरी त्या धातूत चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचं ते मिश्रण. निकेलची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते आणि घामानं ती वाढते. एकदा आली की जन्मभर राहते. मागच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिश लावून एखादी संध्याकाळ निभते, तो कायमचा इलाज नव्हे. कानात तरी चांदी, सोनं किंवा वैद्यकीय स्टील घाला. पुरळ चिघळलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

हॉलमार्क बघायचा म्हणजे काय बघायचं?

तीन गोष्टी: बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) त्रिकोणी खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा असलेला क्रमांक. २२ कॅरेटला ९१६, १८ कॅरेटला ७५०. १ एप्रिल २०२३ पासून या सहा अक्षरी क्रमांकाशिवाय सोन्याचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घातला की दागिन्याची माहिती दिसते. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना मात्र सूट आहे. त्यामुळे छोट्या नथीवर शिक्का नसला तर लगेच खोटी समजू नका.

आजीच्या दागिन्यांवर शिक्का नसणारच. जुन्या कागदावर ‘तोळे, मासे, गुंजा’ दिसतील: ८ गुंजांचा एक मासा, १२ माशांचा एक तोळा. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात म्हणतात तो दहाचा. हिशेब जुळत नाही म्हणून भावाभावांत, जावाजावांत संशय आलेला मी पाहिला आहे. आधी तोळा कुठला ते बघा.

आजीची पुतळ्यांची माळ मोडून नवं काही करावं का?

मी नको म्हणेन. मोडताना लाखेचं, खड्यांचं वजन वजा होतं, डाकातली घट जाते, जुनी मजुरी बुडते आणि नवीन दागिन्याची मजुरी आणि जीएसटी वर चढतो. ते गणित तर आहेच. पण जुना ठसा पुन्हा मिळत नाही. ज्या ठशावर ती पुतळी, म्हणजे नाण्यासारखी सोन्याची चकती, उमटली तो ठसा बहुधा आता कुठेच नसेल.

घरात अडचण असेल, दवाखान्याचा खर्च असेल, तर मोडा. सोनं त्यासाठीच असतं आणि आजीनंही त्यासाठीच जपलं असेल. पण केवळ ‘जुनाट दिसते’ म्हणून मोडत असाल तर आधी मला एकदा दाखवा. नव्वद टक्के वेळा जुनाट दिसतो तो मळलेला धागा. नव्या रेशमावर, ताज्या गोंड्यासह तीच माळ पाहून पुष्कळ जणींनी मोडायचा विचार सोडला. दोन बहिणींत वाटणी करायची असेल तर एका माळेच्या दोन लहान माळा करता येतात, पुतळी न मोडता.

माप कसं कळवू?

दोऱ्यानं गळा मोजून नुसता आकडा पाठवू नका. पंढरपूरच्या नरहरी सोनारांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. विठ्ठलाच्या कमरेचं माप दुसऱ्यानं आणून दिलं, करगोटा एकदा लांब झाला, एकदा आखूड झाला, शेवटी त्यांना स्वतः देवळात जाऊन हातानं मोजावं लागलं. मापाचं काम असंच आहे. शक्य असेल तर या. नसेल तर दोरा गळ्यात जिथे दागिना हवा तिथे धरा, आत दोन बोटं सरकतील इतका सैल ठेवा, तिथे गाठ मारा आणि तो दोराच पाठवा. ब्लाऊजचा गळा खोल की बंद तेही सांगा. ठुशीला मागे सरकता गोंडा असतो, तिथे थोडं इकडेतिकडे चालतं. चिंचपेटीत अर्धा इंचसुद्धा चुकून चालत नाही.

घरी शिकायचं असेल तर सुरुवात कशापासून करू?

नथीपासून, पण तांब्याच्या तारेवर. २६ किंवा २८ गेजची तार घ्या. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं. गोल तोंडाची एक पक्कड, एक चपटी, एक तार कापायची. तीन-चार मिलिमीटरचे काचमोती, एक लाल, एक हिरवा खडा. मूळ तारेला आधी नथीचं वळण द्या, मग दुसऱ्या बारीक तारेनं एकेक मोती त्यावर बांधत जा. मोती बांधताना तार ओढायची ती मनगटानं, बोटानं ओढली की मोड पडते आणि मोडीवर ती तुटते. पहिल्या दहा नथी वाकड्या होतील. अकरावी कुणालातरी घालायला द्या आणि तासाभरानं कुठे टोचतं ते विचारा. टोकं आत वळवायची राहिली असतील तर ती लगेच सांगेल.

ओवायचं शिकायचं असेल तर स्वतःची एखादी साधी माळ उसवा. उसवताना हातात जितकं शिकायला मिळतं तितकं कुठल्याही व्हिडिओत नाही.

हलव्याचे दागिने करता का? ते टिकतात किती?

संक्रांतीच्या आधी महिनाभर घरात दुसरं काही नसतं! खसखस, तीळ किंवा साबुदाणा परातीत मंद आचेवर घेऊन त्यावर चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी हलवत राहायचं. चांगला काटा यायला काही दिवस जातात, आणि ढगाळ हवा आली तर काटा रुसतो. मग त्या दाण्यांचे हार, बांगड्या, बिंदी, मुकुट. नव्या सुनेला काळ्या साडीवर, आणि बोरन्हाणाच्या बाळाला.

दोऱ्यात ओवलेले घ्या, डिंकानं चिकटवलेले बाळाला नकोत, ते तोंडात घालतंच. सण झाल्यावर हवाबंद डब्यात ठेवले तर उन्हाळाभर राहतात, पावसाळ्याची दमट हवा त्यांना सोसत नाही. डब्याभोवती मुंग्यांची वाट नाही ना तेवढं बघा. माझं मत विचाराल तर टिकवूच नयेत. त्याच संध्याकाळी मुलांना खायला द्यावेत.

माळ तुटली, मोती घरभर गेले. आता काय करू?

आधी सगळ्यांना जागच्या जागी उभं करा, मोती पायाखाली फुटतो. पंखा बंद. कडेनं मधे असं मऊ कुंच्यानं लोटत या आणि सगळा कचरा चाळणीतून काढा. व्हॅक्युम क्लीनर लावणार असाल तर तोंडाला पातळ पायमोजा बांधा, मोती त्यावर अडकतो. सोफ्याच्या फटी, साडीच्या निऱ्या, केसांतला गजरा तपासा. गजऱ्यात मोती हमखास सापडतो.

जेवढे मिळाले तेवढे डबीत घालून आणा. एक-दोन कमी असले तरी घाबरू नका, मागे गोंड्याशी जुळते मोती बसवून भागतं. आणि तुटलेला धागा टाकू नका. मळका, गाठींचा, अर्धवट सुटलेला, जसा असेल तसा आणा. त्याच्या गाठींत मूळ माप असतं, मोठे मोती कुठे आणि लहान कुठे ते त्यावरून कळतं, आणि पूर्वी ज्यानं कुणी तो सर गाठवला त्याचा हातही मला त्यात ओळखता येतो.